वराहपालन: पिल्ले आणून वाढवावीत की माद्या पाळाव्यात?

दोन-चार गुंठे जागा आणि बारमाही पाणी असेल, तर सुरुवात दोन वाटांनी होते.

पहिली वाट म्हणजे दूध तुटलेली, दोनेक महिन्यांची लार्ज व्हाइट यॉर्कशायर जातीची पिल्ले आणायची आणि ७-८ महिन्यांची झाली की विकायची. हिशेब सोपा, पैसा मुख्यतः खाद्यात जातो. हॉटेलचे उरलेले अन्न मिळाले तर खर्च उतरतो, पण ते उकळूनच घाला. आफ्रिकन स्वाइन फीव्हर हा डुकरांचा जीवघेणा रोग असल्या अन्नातूनही येतो आणि त्यावर इलाज नाही.

दुसरी वाट पैदाशीची. गाभणकाळ साधारण ११४ दिवस, वेताला ८-१० पिल्ले, वर्षाला जवळपास दोन वेत. कागदावर फारच गोड दिसते! प्रत्यक्षात विण्याच्या रात्री जागावे लागते, नाहीतर आईच्याच अंगाखाली पिल्ले चिरडतात. थंडीत दिव्याची ऊब हवी, पहिल्या आठवड्यात लोहाचे इंजेक्शन हवे. नराचा खर्च वेगळाच.

मला विचाराल तर पहिली खेप पिल्लांचीच घ्या. त्यातल्या दोन चांगल्या माद्या मात्र विकू नका, नर दुसऱ्या कळपातला आणा. आणि हो, शेड बांधण्याआधी वारा कुणाच्या घराकडे वाहतो ते पाहा.