हलकी पिल्सनर: नुसत्या माल्टची की तांदूळ घालून?

पिल्सनर, म्हणजे थंडीत आंबवलेली फिकट सोनेरी बिअर, घरी हलकी करायची तर अल्कोहोल कमी हवंय की घशाखाली झरझर उतरणारी कोरडी बिअर हवीय हे आधी ठरवा, कारण रेसिपीला तिथेच दोन फाटे फुटतात. दोन्ही हिशोब २० लिटरचे धरतो.

पहिली नुसत्या माल्टची (मोड आणून वाळवलेले जव). ३.२ किलो पिल्सनर माल्ट आणि वर २०० ग्रॅम म्युनिक (जरा जास्त भाजलेलं माल्ट), बस. ओजी (आंबण्याआधीची घनता, साधं पाणी म्हणजे १.०००) १.०३७ च्या आसपास येते. इथे खरी मेख मॅशच्या, म्हणजे माल्ट गरम पाण्यात भिजवून साखर काढण्याच्या, तापमानात आहे, ६८ डिग्रीला मॅश केलं की न आंबणारी साखर जास्त उरते, बिअर १.०१० ला थांबते, अल्कोहोल साडेतीन टक्क्यांच्या आसपास, पण तोंडात पाणचट लागत नाही आणि ब्रेडच्या कडेसारखी ती माल्टची चव राहते. चेक लोक रोज पितात ती हलकी बिअर साधारण याच वळणाची.

दुसरी तांदळाची. २.६ किलो पिल्सनर माल्ट आणि ७०० ग्रॅम फ्लेक्ड राइस (आधीच शिजवून चपटा केलेला तांदूळ), मॅश ६४ डिग्रीला. फ्लेक्ड घेतलात तर सरळ मॅशमध्ये टाकता येतो, साधा तांदूळ मात्र आधी शिजवून घ्यावा लागतो, तो कुटाणा कशाला. ही १.००६ पर्यंत खाली जाते, म्हणजे अंगाने हलकी पण अल्कोहोल वरच्यापेक्षा जास्तच, चार टक्क्यांच्या पुढे! तांदूळ स्वतःची चव फारशी देत नाही, फक्त माल्टची पातळ करतो, त्यामुळे सगळा भार हॉप्सवर (बिअरला कडवटपणा आणि वास देणारी फुलं) येतो. मका घातला तर किंचित गोडसर झाक येते, मला तांदळापेक्षा ती बरी वाटते.

चव हवी असेल तर माझं मत सरळ पहिलीला. दुसरी घ्या ती कडक उन्हात थंडगार ढोसायला.

हॉप्सचं बघाल तर साझ या चेक हॉप्सचा अल्फा (कडवटपणा देणारं आम्ल) ३-४ टक्केच असतो, म्हणून उकळी संपायला ६० मिनिटं असताना ५० ग्रॅम आणि शेवटच्या १५ मिनिटांना ३० ग्रॅम टाकावे लागतात, तेव्हा कुठे २५-२७ आयबीयू (कडवटपणाचं माप) होतात. एवढा पाला बघून घाबरायला होतं पण त्याचा कडवटपणा मऊ असतो. तांदळाच्या बिअरला मी इतका कडूपणा देणार नाही, मागे माल्ट नसल्याने तो उघडा पडतो, १८-२० पुरे, तेही मॅग्नम हॉप्सने कडवटपणा आणि शेवटी थोडे हालरटाउ हॉप्स. पाणी मऊच (कमी क्षारांचं) घ्या, पिल्सनर जिथली त्या चेक शहर प्लझेनचं पाणी तसंच आहे आणि १८४२ पासून तिथली बिअर त्याच्याच जोरावर उभी आहे. पाण्यात सल्फेट वाढवलंत तर कडू चव टोकदार होते आणि हलक्या बिअरमध्ये ती लगेच टोचते.

उकळताना झाकण ठेवू नका, दोन्हीत, नाहीतर उकडलेल्या मक्यासारखा वास राहतो आणि इथे तो लपवायला काहीच नसतं.

यीस्टमध्ये फार डोकं चालवू नका, डब्ल्यू-३४/७० ची दोन पाकिटं, १२ डिग्रीला. आंबणं संपत आलं की दोन-तीन दिवस १६-१७ ला न्या म्हणजे लोण्यासारखा वास जातो, मग ०-४ डिग्रीला तीन-चार आठवडे. फ्रिजची सोय नसेल तर कोल्श यीस्ट १६ डिग्रीला चालतं, किंचित फळासारखी चव येईल, पण ते पहिल्या रेसिपीत करा, तांदळाच्यात ती चव फारच पुढे येते.