घट्ट ऑइल की पातळ? छोट्या पेट्रोल गाडीसाठी ०डब्ल्यू-१६, ५डब्ल्यू-३०, ५डब्ल्यू-४० आणि २०डब्ल्यू-५०

गाडी लाखाच्या पुढे गेली की गॅरेजमध्ये एक वाक्य हमखास ऐकू येतं: "आता जरा घट्ट ऑइल टाकू, इंजिनला आधार मिळेल." आमच्या वॅगन-आरला १ लाख १२ हजार किलोमीटर झाले तेव्हा मीही ते ऐकलं आणि मान डोलावली. तोवर ५डब्ल्यू-३० असायचं, त्या खेपेला २०डब्ल्यू-५० पडलं. दुसऱ्या दिवशी सकाळी चावी फिरवली तर बॉनेटखाली दोन-तीन सेकंद साखळी खडखडल्यासारखा आवाज आला आणि मग थांबला. आठवडाभर रोज सकाळी तेच. शेवटी नवंकोरं ऑइल काढून पुन्हा ५डब्ल्यू-३० भरलं आणि आवाज गेला. तीन लिटरच्या आसपास ऑइल वाया गेलं, पण डब्यावरचे आकडे नीट समजून घ्यायची सवय लागली. ज्यांना हा निर्णय आता घ्यायचा आहे त्यांच्यासाठी हे सगळं एका जागी मांडतो आहे.

डब्यावरचे दोन आकडे

डब्ल्यू म्हणजे विंटर. त्याच्या आधीचा आकडा ऑइल थंड असताना कसं वाहतं ते सांगतो, नंतरचा आकडा गरम असताना. दोन्ही आकडे तापमानाचे नाहीत. "थर्टी म्हणजे तीस डिग्रीपर्यंत चालतं" असं काउंटरवर कुणी सांगितलं तर ते चूक आहे. हे वर्ग एसएई या अभियंत्यांच्या संस्थेने ठरवलेले आहेत. गरम बाजू १०० अंश सेल्सिअसला मोजतात: ९.३ ते १२.५ सेंटिस्टोकमध्ये (हे घट्टपणाचं माप, आकडा मोठा तितकं ऑइल घट्ट) बसलं तर ३०, तिथून १६.३ पर्यंत ४०, आणि पुढे २१.९ पर्यंत ५०. थंड बाजूसाठी कडाक्याच्या गारठ्यातली चाचणी असते. २०डब्ल्यूची उणे १५ अंशांना, ५डब्ल्यूची उणे ३० ला, ०डब्ल्यूची उणे ३५ ला.

आता कुणीही विचारेल, सातारा-सोलापुरात उणे ३० कुठून आणायचं? मलाही आधी तसंच वाटायचं, आणि म्हणून पहिल्या आकड्याकडे मी बघतच नव्हतो. खालचा तक्ता केल्यावर मत बदललं. बाजारातल्या सर्वसाधारण ऑइलचे हे ढोबळ आकडे आहेत, सेंटिस्टोकमध्ये. ब्रँडनुसार थोडं इकडेतिकडे होईल. १० अंशांचा रकाना मी उरलेल्या दोन आकड्यांवरून गणित करून काढला आहे.

| ऑइल | १० अंशांना | ४० अंशांना | १०० अंशांना |
|---|---|---|---|
| ०डब्ल्यू-१६ | १५० | ३६ | ७ |
| ०डब्ल्यू-२० | १८० | ४४ | ८ |
| ५डब्ल्यू-३० | २८० | ६३ | ११ |
| ५डब्ल्यू-४० | ३८० | ८५ | १४ |
| १५डब्ल्यू-४० | ६०० | १०८ | १४.५ |
| २०डब्ल्यू-५० | ११०० | १६५ | १८.५ |

१० अंश म्हणजे डिसेंबरातली नाशिक-निफाडकडची पहाट. त्या वेळी सगळ्यात पातळ ऑइलसुद्धा तापलेल्या इंजिनातल्यापेक्षा वीसपट घट्ट असतं, आणि २०डब्ल्यू-५० तर साठपट. ४० अंशांचा रकाना म्हणजे मे महिन्यात विदर्भात सावलीत उभी केलेली गाडी. तिथेही एकूण एक ऑइल गरजेपेक्षा कितीतरी घट्टच आहे. इंजिनच्या हिशेबाने नागपूरचा मे महिनाही थंडच. आपल्याकडे गाडी गोठत नाही हे खरं, पण सकाळचं पहिलं स्टार्टिंग सगळीकडे असतं, आणि तेव्हा चेंबरमधलं, म्हणजे इंजिनच्या तळाच्या भांड्यातलं, ऑइल पंपातून वर व्हॉल्व्ह उघडणाऱ्या कॅमपर्यंत किती लवकर पोचतं यावर बरीच झीज ठरते.

नागपूरची उष्णता आणि कसारा घाट

"आपल्याकडे ऊन फार, पातळ ऑइल टिकणार नाही" हा घट्ट ऑइलच्या बाजूने दिला जाणारा सगळ्यात आवडता मुद्दा. बाहेर ४५ अंश असोत की २०, थर्मोस्टॅट इंजिनचं पाणी ९० अंशांच्या आसपास धरून ठेवतो आणि ऑइल त्याच्या मागोमाग चालतं. उन्हाळ्यात ऑइल थोडं जास्त तापतं, पण बाहेरच्या २५ अंशांच्या फरकाचे आत २५ अंश होत नाहीत.

ऑइल खरं तापतं ते भाराने. पाच माणसं, डिकी भरलेली, एसी चालू आणि खंबाटकी किंवा कसारा घाट दुसऱ्या-तिसऱ्या गिअरमध्ये. अशा वेळी बेअरिंगवरचा ऑइलचा थर किती टिकतो हे पाहायला १५० अंशांना, जोरात घुसळून, वेगळी चाचणी घेतात. तिथले किमान आकडे असे (एकक वेगळं, मिलिपास्कल-सेकंद, म्हणून तक्त्याशी तुलना करू नका): १६ ला २.३, २० ला २.६, ३० ला २.९, ५डब्ल्यू-४० ला ३.५, १५डब्ल्यू-४० ला ३.७. म्हणजे घट्ट ऑइलवाल्या मेकॅनिकचं म्हणणं निराधार नाही. गरम आणि भाराखाली जास्त घट्ट ऑइल जाड थर देतंच. पण तुमच्या इंजिनला तेवढा जाड थर लागतो का, हे ते इंजिन बनवणाऱ्याने आधीच ठरवलेलं असतं.

कोणाची गाडी कुठली

अलीकडच्या बऱ्याच बीएस-६ मारुती पेट्रोल गाड्यांना ०डब्ल्यू-१६ सांगितलेलं असतं, होंडाच्या गाड्यांना ०डब्ल्यू-२०. तुमच्या मॅन्युअलमध्ये हे असेल तर मी निःशंकपणे तेच घालीन. त्या इंजिनांची बेअरिंगं, फटी, पंप, पिस्टनवरचे लेप हे सगळं पातळ ऑइल गृहीत धरून केलेलं असतं. गाडीचा रोजचा वापर घरापासून स्टेशनपर्यंतचा तीन किलोमीटर असेल तर पातळ ऑइलची बाजू आणखी बळकट होते. पाण्याचा काटा मधोमध आला तरी ऑइल त्यानंतर बराच वेळ तापत असतं, म्हणजे अशा गाडीचं ऑइल पूर्ण गरम होतच नाही. अॅव्हरेजमध्ये होणारा फायदा मात्र पुण्याच्या ट्रॅफिकमध्ये डोळ्यांना दिसेल एवढा नसतो; त्याच्यासाठी म्हणून ग्रेड बदलू नका.

उलट दिशेने मात्र जाऊ नका. ३० साठी बनवलेल्या जुन्या इंजिनात "नवीन टेक्नॉलॉजी" म्हणून ०डब्ल्यू-१६ घालणं चूक आहे. १६ हा वर्ग एसएईच्या यादीत २०१३ मध्ये आला, आणि २०२० च्या मानकांमध्ये ०डब्ल्यू-१६ साठी मुद्दाम वेगळं चिन्ह ठेवलं, कारण ते जुन्या इंजिनांना चालतं असं गृहीत धरता येत नाही.

५डब्ल्यू-३० हे २०१० च्या दशकातल्या बहुतेक छोट्या पेट्रोल गाड्यांचं घरचं अन्न. साखळीवाल्या इंजिनात साखळीचा ताण सांभाळणारा टेन्शनर ऑइलच्या दाबाने भरतो. व्हॉल्व्हचं टायमिंग बदलणारी यंत्रणा असेल तर तीही ऑइलच्याच दाबावर, अरुंद वाटांमधून चालते. थंडपणी ऑइल घट्ट असलं तर पंपाचा जादा दाब सोडणारा रिलीफ व्हॉल्व्ह उघडतो, बरंचसं ऑइल परत चेंबरमध्येच जातं, आणि ही मंडळी उपाशी राहतात. माझ्या वॅगन-आरच्या सकाळच्या खडखडाटाचा मी लावलेला अर्थ हाच.

१५डब्ल्यू-४० आणि २०डब्ल्यू-५० कोणासाठी? मारुती ८०० अजून चालवत असाल तर तुमच्यासाठी. डिसेंबर १९८३ मध्ये आलेली ती गाडी, ७९६ सीसीचं साधं इंजिन, टायमिंग बेल्ट, टॅपेट (व्हॉल्व्हची फट) हाताने सेट करायचे. २०डब्ल्यू-४० वर तिने महाराष्ट्रभर संसार केले. घट्ट ऑइलचा आग्रह धरणारे बरेच उस्ताद याच गाड्यांवर शिकले, आणि त्या गाड्यांसाठी ते बरोबरच होते. मात्र १५डब्ल्यू-४० चा डबा घेताना पाठीमागचं वाचा. गावाकडे ट्रॅक्टरसाठी आणलेल्या डब्यातलंच गाडीत ओतलं जातं. ते डिझेलचं ऑइल असतं. त्यात फॉस्फरस जास्त असू शकतो आणि तो पेट्रोल गाडीच्या धूर स्वच्छ करणाऱ्या कॅटॅलिटिक कन्व्हर्टरला घातक. मोटारसायकलचं उरलेलं ऑइलही गाडीत नको.

जुनी गाडी ऑइल खात असेल तर

निर्णय खरा अडतो तो इथे. गाडी १ लाख ३० हजार चाललेली, दोन सर्व्हिसिंगच्या मधे डिपस्टिकवर ऑइल खाली जातंय, मॅन्युअल म्हणतं ५डब्ल्यू-३०, मेकॅनिक म्हणतो २०डब्ल्यू-५०.

आधी किती खाते ते मोजा. सपाट जागेवर, सकाळी, इंजिन सुरू करण्यापूर्वी डिपस्टिक पुसून बघायची आणि किलोमीटर लिहून ठेवायचे. बऱ्याच गाड्यांत दोन खुणांमधलं अंतर म्हणजे सुमारे एक लिटर. सकाळी सुरू करताना निळसर धूर येऊन थांबत असेल तर संशय व्हॉल्व्ह सीलवर, चढाला जोर दिल्यावर येत असेल तर पिस्टनच्या रिंगांवर. घट्ट ऑइलने खाणं थोडं कमी होईल, पण झिजलेली रिंग किंवा कडक झालेलं सील त्याने बरं होत नाही. लाल ऑइल लॅम्प गरम इंजिनात मिणमिणत असेल तर ग्रेड बदलून तो विझवू नका. मेकॅनिककडून गेज लावून दाब मोजून घ्या.

मोजून झाल्यावरही घट्ट ऑइल हवं असं ठरलं, तर फक्त दुसरा आकडा वाढवा, पहिला तसाच ठेवा. तक्त्यात ५डब्ल्यू-४० आणि २०डब्ल्यू-५० पुन्हा बघा. गरमपणी ५डब्ल्यू-४० मध्ये ३० पेक्षा ठसठशीत वाढ मिळते, आणि थंडपणी ते २०डब्ल्यू-५० च्या एक-तृतीयांश घट्ट असतं. मेकॅनिकला हवा असलेला आधारही मिळतो आणि सकाळी ऑइल वरपर्यंत वेळेत पोचतंही. महाग पडतं, हे कबूल. पण गॅरेजमध्ये "घट्ट" म्हटलं की सरळ २०डब्ल्यू-५० निघतं आणि ही मधली वाट कुणी सुचवतच नाही, याचं मला मनापासून वाईट वाटतं. मॅन्युअलमध्ये तापमानाच्या पट्ट्यांचा तक्ता असेल तर त्यात ४० बसतं का ते आधी पाहा. गाडी वॉरंटीत असेल तर हा प्रयोग करूच नका.

सीएनजीवाल्यांसाठी ग्रेड वेगळी नसते. मॅन्युअलमधलीच घाला, आणि बदलायची मुदत चुकवू नका. छोटं टर्बो पेट्रोल इंजिन असेल तर ग्रेडइतकंच एपीआय (अमेरिकन पेट्रोलियम इन्स्टिट्यूट) या संस्थेचं एसपी किंवा त्यानंतरचं मानक डब्यावर असणं महत्त्वाचं, कारण इंजिन कमी वेगात फिरताना सिलिंडरमधलं पेट्रोल-हवेचं मिश्रण अवेळी पेट घेण्याच्या त्रासाची चाचणी त्यात आहे. आणि गॅरेजमध्ये ड्रममधून मापाने ऑइल देत असतील तर आपला बंद डबा घेऊन जा, समोर फोडून घ्या.

आमची वॅगन-आर आता १ लाख ५८ हजारांवर आहे. दोन सर्व्हिसिंगच्या मधे पाव लिटरच वरून घालावं लागतं, म्हणून अजून ५डब्ल्यू-३० च आहे. पाव लिटरचं अर्धा लिटर झालं की ५डब्ल्यू-४०.