बडोद्यातला आमचा कुत्र्यांचा दवाखाना: चार पेशंट, एक फाईल

घरात चार कुत्री आहेत म्हटलं की लोक आधी विचारतात घर केवढं आहे आणि मग विचारतात डॉक्टर कोण. मागच्या महिन्यात सोसायटीतल्याच तिघांनी विचारलं, म्हणून एकदाच सगळं लिहून टाकते. दवाखान्याचं नाव मुद्दाम टाकत नाही कारण खाली तक्रारी पण आहेत आणि मला तिथे परत तोंड दाखवायचंय. बडोद्यातच आहे, एवढं पुरे.

आधी पेशंट मंडळी. टायगर, लॅब्राडोर, वय 11, कंबर गेलेली. राणी, अर्धी स्पिट्झ आणि अर्धी देव जाणे काय, 7 वर्षांची. फाफडा, देशी, रंग आणि अंगकाठी नावाप्रमाणे. आणि शेवटची बाकी, गल्लीतल्या कुत्रीला पाच पिल्लं झाली त्यातली चार लोकांनी नेली आणि सासूबाई म्हणाल्या "आता ही एक बाकी", तेच नाव चिकटलं.

पहिली काही वर्षं आम्ही दुसरीकडे जायचो, मोठं, एसीवालं. वाईट म्हणणार नाही, त्यांचं एक्सरे मशीन चांगलं आहे आणि एक्सरे काढायला आम्ही अजूनही तिथेच जातो. पण तिथे चार कुत्र्यांच्या चार फायली, दर वेळी नवीन डॉक्टर, आणि फाफड्याला एका वर्षात तीनदा ताप आला तर तिन्ही वेळा एक इंजेक्शन, एक सिरप, या आता. घरात अजून कुत्री आहेत का, हे कधी कोणी विचारलं नाही आणि आम्हालाही सुचलं नाही सांगायचं.

चौथ्यांदा ताप आला, खाणं बंद, नाकातून रक्ताचा थेंब आला तेव्हा घाबरून ह्या दवाखान्यात नेलं, शेजारच्या भाटिया आंटींच्या सांगण्यावरून. डॉक्टरांनी कानात बघितलं, पायाच्या बोटांमध्ये बघितलं, हिरडी दाबून बघितली आणि रक्त काढलं. प्लेटलेट 48 हजार, पाहिजेत दोन लाखांच्या वर. टिक फीवर, म्हणजे गोचिडीचा ताप. चिठ्ठी लिहिता लिहिता मान वर न करता त्यांनी विचारलं, "बाकीना त्रण केम छे?", म्हणजे उरलेले तिघं कसे आहेत. मला वाटलं आमच्या बाकीबद्दल विचारतायत, मी म्हटलं बाकी एकदम मजेत आहे, तर ते माझ्याकडे बघतच राहिले. गुजरातेत राहून निम्मं आयुष्य गेलं तरी ऐन वेळी माझी अशी गडबड होते.

मग त्यांनी समजावलं ते मी आजपर्यंत चार जणांना तरी सांगितलंय. गोचीड रक्त पिऊन टम्म फुगली की कुत्र्यावरून खाली पडते, भिंतीच्या फटीत जाते आणि तिथे हजारांनी अंडी घालते. म्हणजे अंगावर दिसतात त्या थोड्या, बाकीची सगळी फौज घरात. एकट्या फाफड्याला औषध देऊन काही उपयोग नाही, चौघांना एकाच दिवशी गोचीड मारायची गोळी, ज्याच्या त्याच्या वजनाप्रमाणे, आणि त्याच दिवशी घरात फवारणी, पलंगाच्या सांध्यात, जिन्याखाली, पडद्यामागे, आणि मग काही आठवड्यांनी परत, कारण अंडी नंतर फुटतात. घरी येऊन जिन्याखालचं फडताळ हलवलं तर भिंतीवर रांगेने वर चढत होत्या, मला अजून आठवलं की अंगावर काटा येतो. कुत्र्यांच्या गोधड्या उकळत्या पाण्यात टाकल्या, दोन तर सरळ फेकूनच दिल्या.

फाफड्याला डॉक्सीसायक्लिन ही अँटिबायोटिक गोळी 28 दिवस, तेही पोटभर जेवल्यावरच, रिकाम्या पोटी दिली की ओकतो. दहाव्या दिवशी पठ्ठ्या उड्या मारायला लागला तेव्हा आमच्या ह्यांनी गोळी थांबवायचं ठरवलं होतं, मी ऐकलं नाही. आणि डॉक्टरांच्या आग्रहाने बाकीच्या तिघांचं रक्त तपासलं तर राणीच्या पण प्लेटलेट कमी, ताप नाही काही नाही, मस्त खातपीत होती! तीच घरात हा ताप सांभाळून बसली असणार आणि गोचिडी तिच्याकडून फाफड्याकडे नेत असणार. तीन वेळा ताप परत का आला ते तेव्हा कळलं.

तेव्हापासून आमच्या घराची तिथे एकच फाईल आहे. फाईल कसली, किराणावाल्याच्या खात्याची वही, एका पानावर चार रकाने. वजन, जंताची गोळी, रेबीजची लस, सगळं एकाखाली एक, त्यामुळे कोणाचं राहिलं ते लगेच दिसतं. लसी चौघांच्या एकदमच, पावसाआधी. 2024 च्या ऑगस्टमध्ये विश्वामित्री नदी शहरात घुसली तेव्हा आमच्या टेनामेंटच्या खालच्या मजल्यावर कमरेएवढं पाणी होतं, चारही कुत्री आणि आम्ही चार माणसं वरच्या एका खोलीत, आणि फोनवर रस्त्यातल्या मगरींचे व्हिडिओ येतायत. पाणी ओसरल्यावर डॉक्टरांचा मेसेज आला, साचलेलं पाणी कुत्र्यांना चाटू देऊ नका, उंदराच्या लघवीतून लेप्टो (लेप्टोस्पायरोसिस) हा आजार होतो, तुम्ही पण गमबूट घालूनच चिखल काढा, माणसाला पण होतो. तेव्हा वही आठवली, चौघांची लेप्टोची लस जूनमध्येच झालेली, जरा हायसं वाटलं. एरवी हे डॉक्टर मेसेजला फक्त अंगठा पाठवतात, तोही रात्री अकराला.

अजून एक आवडलं. जमत नसेल तर सांगतात. टायगरच्या कंबरेसाठी "हे माझ्याकडे होणार नाही" म्हणून सरळ आणंदच्या व्हेटर्नरी कॉलेजची चिठ्ठी दिली. त्याच्या आधी मी एक घोळ घातला होता, टायगर रात्रभर कण्हत होता म्हणून माणसांची आयबुप्रोफेनची गोळी दिली, दोन दिवस. काळी शी झाली. पोटात अल्सर होतो, किडनी जाऊ शकते, असं डॉक्टर ज्या आवाजात बोलले तो बाहेर बाकावरच्या सगळ्यांनी ऐकला. बरोबरच होतं म्हणा.

आता तक्रारी. अपॉइंटमेंट नाही. काउंटरवरच्या बेन नाव पण लिहून घेत नाहीत, "बेसो बेसो, वारो आवशे" (बसा, नंबर येईल) म्हणतात आणि वारो आपल्या मागून आलेल्या पोपटाचा येतो. बाहेर बाक दोन, त्यात कोणी मांजर घेऊन आलं की फाफडा काय करतो ते लिहीत नाही. वजनकाट्यावर तो उभा राहत नाही म्हणून मी त्याला उचलून उभी राहते आणि नंतर माझं एकटीचं वजन वजा करतात, ते कंपाउंडरभाई भर दवाखान्यात ओरडून सांगतात, "बेन एकोतेर! कूतरा साथे नेव्यासी!" म्हणजे मी 71, कुत्र्यासकट 89.

पण खरी तक्रार रविवारची. राणीचं नसबंदीचं ऑपरेशन करून घ्या असं डॉक्टर दोन वर्षं सांगत होते, आम्ही आज करू उद्या करू करत राहिलो. एका रविवारी दुपारी ती आडवी, दोन दिवसांपासून घटाघट पाणी पीत होती ते उन्हामुळे असेल असं आम्हाला वाटलेलं, मग उलट्या, पोट फुगलेलं. दीड महिन्यापूर्वी माजावर येऊन गेली होती. गर्भपिशवीत पू झाला होता. दवाखान्याला कुलूप, फोन बंद. माणसाला सुट्टी लागते, मान्य, पण दारावर एक पाटी लावा ना की रविवारी कुठे जायचं! तीन ठिकाणी फिरलो, रात्री नऊला एका ठिकाणी ऑपरेशन झालं आणि राणी वाचली, अजून दोन तास गेले असते तर काय ते विचार करवत नाही. पाचपैकी एक स्टार त्या रविवारचा कापलाय. नंतर टाके आमच्या नेहमीच्या डॉक्टरांनीच काढले, पैसे घेतले नाहीत आणि "मी सांगत होतो" असं एका शब्दाने म्हणाले नाहीत. म्हणाले असते तर बरं झालं असतं.

पैशांचं म्हणाल तर तपासणीचे 300, एकाच वेळी दुसरं कुत्रं नेलं तर त्याचे निम्मे, तिसऱ्याचे कधी घेतात कधी विसरतात. एकच कुत्रं असेल आणि वेळेची घाई असेल तर इथे वैतागाल. उत्तरायणात, म्हणजे संक्रांतीच्या पतंगांच्या दिवसांत, तर 14 आणि 15 जानेवारीला फिरकूच नका, मांजाने कापलेली कबुतरं खोक्यांमधून येत असतात आणि डॉक्टर रात्रीपर्यंत तेच शिवत बसतात, फुकट. रस्त्यावरचं जखमी जनावर दिसलं तर त्यासाठी जनावरांच्या ॲम्ब्युलन्सच्या 1962 ह्या नंबरवर फोन करा, दवाखान्यात आणून टाकू नका, बेन चिडतात.

राणीच्या त्या रविवारनंतर मी आमच्या बाकीची नसबंदी लगेच करून घेतली, शुक्रवारी टाके काढायचेत. साडेनऊलाच जाऊन बसणार आहे, पोपटवाल्याच्या आधी.