पितळेची पातेली आणि कल्हई: आठ महिन्यांच्या रोजच्या वापरानंतर

माळ्यावर पोत्यात बांधून ठेवलेली आजेसासूबाईंची भांडी दिवाळीनंतर खाली उतरवली. पितळेची दोन पातेली, एक तपेली आणि तांब्याचा हंडा. तेव्हापासून आमची आमटी, भात, दूध यांतच होतं. नवी पितळी भांडी घ्यायचा विचार करणाऱ्यांसाठी हे लिहिते आहे, कारण दुकानात भांडं दाखवतात, वजन करून देतात, पण कल्हईचं, म्हणजे भांड्याला आतून द्यायच्या कथलाच्या थराचं, कुणी सांगत नाही. माझा बरावाईट सगळा अनुभव मात्र कल्हईपाशीच येऊन थांबतो.

आधी गुण सांगते. तुरीची डाळ तळाला लागत नाही. स्टीलच्या पातेल्यात ज्योतीच्या बरोबर वर करपते आणि कडेला कच्ची राहते, तसं इथे होत नाही. पितळ स्टेनलेस स्टीलपेक्षा सहा-सात पट चांगली उष्णता वाहून नेतं, त्यामुळे आच सगळीकडे सारखी पसरते. ज्वारीच्या कण्या तर मी आता दुसऱ्या कशात करतच नाही. गॅस बंद केल्यावरही अर्धा तास वाफ धरतात.

पहिली कल्हई फसली. एका ठिकाणी भांडी टाकून आले, संध्याकाळी चकचकीत करून मिळाली. पाच आठवड्यांत तळ पिवळा दिसायला लागला. एकदा त्यात रात्रभर ताक राहिलं, ते सकाळी कळकलं. हिरवट झाक आणि तोंडात धरवणार नाही अशी चव. सगळं ओतून दिलं. उघड्या पितळेतलं तांबं आंबटात उतरतं, कथलाला मात्र आंबटाचं फारसं काही होत नाही. म्हणून तर आतून कथलाचा थर द्यायचा.

आमच्या सोलापूरच्या गड्ड्याच्या, म्हणजे सिद्धेश्वराच्या यात्रेला पाहुणे येणार होते, तेव्हा जानेवारीच्या सुरुवातीला शेजारच्या काकूंनी दुसऱ्या कल्हईवाल्यांकडे नेलं. वयस्कर आहेत, सगळे त्यांना चाचा म्हणतात. त्यांनी आधी कथलाची कांडी माझ्या कानाजवळ धरून वाकवली. कर्र असा बारीक आवाज आला. “ताई, असली कथील बोलतंय बघा. शिसं गप बसतंय.” मग शिशाचा तुकडा कागदावर ओढून दाखवला, पेन्सिलीसारखी काळी रेघ उमटली. शिसं कथलापेक्षा स्वस्त, म्हणून मिसळतात, आणि ते जेवणातून पोटात जाणं, विशेषतः लहान मुलांच्या, फार वाईट. तुम्ही कुठेही कल्हई लावा, कांडी वाकवून दाखवायला सांगा. लाजू नका.

काम समोर बसून पाहिलं. भाता मारून निखारे फुलवले, घासून स्वच्छ केलेलं पातेलं तापवलं, नवसागराची चिमूट टाकली. पांढरा धूर उठला, त्याचा वास नाकात बसतो. कांडी नुसती टेकवली तसं कथील पाण्यासारखं पळालं आणि कापसाच्या बोळ्यानं दोन फेऱ्यांत सगळं पातेलं आरसा झालं. मोठ्या पातेल्याला लागलं ते बोटभर कांडीही नसेल.

ती कांडी पाहताना जुन्या सोलापूरचा विचार मनातून जाईना. मे १८१८ मध्ये इंग्रजांनी सोलापूर घेतलं, १८५२ मध्ये इथे नगरपालिका झाली, आणि त्या काळात गावातल्या एकाही घरात स्टेनलेस स्टील किंवा ॲल्युमिनियम नव्हतं. ॲल्युमिनियम स्वस्तात काढायची रीत १८८६ची, स्टेनलेस स्टील विसाव्या शतकातलं. म्हणजे ऐपतीप्रमाणे पितळ-तांबं, लोखंडाचा तवा-कढई, बाकी सगळं कुंभाराकडचं. आमटी-ताक पितळेत करायचं तर कल्हईवाल्याशिवाय चालणारच नाही. कथील तर आपल्या देशात नावालाच निघतं. ते मलाक्काकडून जहाजानं मुंबईला यायचं. भोर घाटातून गाडीरस्ता १८३०चा, सोलापुरात रेल्वे १८६०ची. त्याआधी घाट चढून बैलांच्या पाठीवर. इतक्या लांबून आलेला धातू सोलापूरच्या कोष्ट्याच्या चुलीवरच्या पातेल्यात कागदाहून पातळ पसरायचा, हे मला फार मोठं वाटतं. चाचांच्या हाताला त्या काटकसरीचंच वळण आहे.

आता वापरातल्या गोष्टी. कथील २३२ अंशांनाच वितळतं, म्हणून रिकामं पातेलं गॅसवर ठेवून विसरायचं नाही. मी एकदा विसरले, कडेला थेंब जमले आणि तेवढी जागा उघडी पडली. फोडणी लोखंडी पळीत करून वरून ओतते. सासूबाई पूर्वीपासून तसंच करतात. तारेची घासणी आत लावायची नाही, मऊ काथ्या पुरतो. बाहेरून चिंच-मीठ. जड आहे, भरलेलं पातेलं एकटीनं उतरवू नये, माझं मनगट महिनाभर दुखलं. इंडक्शन शेगडीवर चालत नाही.

हंड्याला आतून कल्हई नाही, तो फक्त पाण्याचा. आमच्याकडे नळ रोज येत नाही, त्यामुळे भरून ठेवावंच लागतं. पाणी गार राहतं, पण दर भरणीला चिंचेनं घासायला लागतं, नाहीतर तळाशी पांढरा थर धरतो. लिंबू-सरबत वगैरे त्यात कधीच नाही.

खर्च म्हणाल तर मोठ्या पातेल्याला साडेतीनशे दिले, लहानाला त्याहून कमी. पहिल्या ठिकाणी याच्या निम्मे घेतले होते. चाचांची कल्हई रोजच्या वापरात साडेपाच महिने टिकली. तुमच्या भागात असा माणूस बसत नसेल तर, खरं सांगते, स्वयंपाकासाठी पितळ घेऊ नका. फार तर परात किंवा समई घ्या.

चाचांचा मुलगा या कामात नाही. गेल्या खेपेला त्यांच्या दारात माझ्याशिवाय दोघीच होत्या, दोघींच्या हातात आजीचीच भांडी.

परवा आमटीचं पातेलं घासताना तळाशी रुपयाएवढा पिवळा डाग दिसला. ते ओट्यावर पालथं घालून ठेवलं आहे, तोवर लहान पातेल्यात भागवते. चाचा गुरुवारी बसतात.