एफ-वन दाबलं की आवाज बंद: गिल्ड वॉर्स २ साठी घेतलेला लॅपटॉप

गिल्ड वॉर्स २ हा ऑनलाइन गेम ऑगस्ट २०१२ मध्ये आला तेव्हापासून मी खेळतेय, मधली दोन बाळंतपणं सोडली तर. पात्र एकच, एलिमेंटलिस्ट, म्हणजे जादूगार. पोरं झोपली की दीड-दोन तास, बस. एवढ्यासाठी नवा लॅपटॉप घ्यावा का, हा प्रश्न मी दोन वर्षं टाळला. पण जुनं मशीन टेक्वाटल या गेममधल्या अजस्र ड्रॅगनसमोर रोज झोपायला लागलं. पन्नास-साठ जण त्याच्यावर तुटून पडलेले असायचे आणि माझ्या पडद्यावर नुसता स्लाइड शो. तो मेला हे मला बक्षिसाची पेटी दिसल्यावर कळायचं.

ज्याला त्याला विचारलं, उत्तर एकच: "चांगलं ग्राफिक्स कार्ड बघ." म्हणून आधी दिराचा आरटीएक्स ३०५० हे वेगळं ग्राफिक्स कार्ड असलेला लॅपटॉप दोन दिवसांसाठी मागून आणला. गेम पुन्हा डाउनलोड करत बसले नाही. सगळा डेटा जीडब्ल्यू२ डॉट डॅट या एकाच अगडबंब फाइलमध्ये असतो, ती पेनड्राइव्हवरून नेली की काम झालं. रिकाम्या रानात फ्रेम, म्हणजे सेकंदाला पडद्यावर येणारी चित्रं, शंभराच्या वर. मी खूश. मग टेक्वाटलची वेळ झाली, माणसं जमली आणि गाडी तिसाच्या खाली. टास्क मॅनेजर उघडून बघितलं तर ते महागडं कार्ड अर्धंसुद्धा कामाला लागलेलं नव्हतं.

कारण गेमचं इंजिन जुनं. मूळचा गेम डायरेक्टएक्स ९ वरचा, म्हणजे गेमला ग्राफिक्सशी जोडणाऱ्या विंडोजच्या सोयीच्या जुन्या आवृत्तीवरचा. २०२१ मध्ये ११ ची सोय आली, त्याने फरक पडला, पण गर्दीचा हिशेब अजूनही बराचसा प्रोसेसरच्या एकाच कोअरच्या, म्हणजे त्याच्या आतल्या एकाच कामकऱ्याच्या, डोक्यावर असतो. तो कोअर धापा टाकत असेल तर कार्ड नुसतं वाट बघत बसतं. इथे आठ कोअर असण्यापेक्षा एक कोअर किती जोरात पळतो आणि किती वेळ पळतो, ते महत्त्वाचं.

शेवटी घेतला तो रायझन ७ ६८००एच या प्रोसेसरवाला, वेगळं कार्ड नसलेला. प्रोसेसरच्याच आतलं रेडियन ६८०एम ग्राफिक्स या गेमला पुरतं. ६८००यू वाला बारीक, देखणा लॅपटॉपही समोर होता, पण नावाच्या शेवटचा यू म्हणजे कमी वीज खाणारा चिप. बारीक अंगाच्या मशीनमध्ये पहिली दहा मिनिटं झकास, मग तापला की वेग उतरतो. आणि टेक्वाटल काही पहिल्या दहा मिनिटांत येत नाही.

आता या लॅपटॉपने मला कसं गंडवलं ते सांगते. खोक्यावर १६ जीबी रॅम. घरी आणून खेळले तर रिकाम्या रानातही ४५ फ्रेम. डोक्याला हात लावला. टास्क मॅनेजरमध्ये मेमरीच्या पानावर 'स्लॉट्स यूज्ड' बघितलं: दोनपैकी एक. म्हणजे १६ ची एकच पट्टी. वेगळं कार्ड नसलं की ग्राफिक्स या रॅममधूनच खातं. एका पट्टीचा रस्ता एकेरी, दोन टाकल्या की दुहेरी. तशीच दुसरी पट्टी आणून बसवली आणि त्याच जागी, त्याच सेटिंगला ६५ च्या आसपास. विकणाऱ्याने हे सांगितलं नाही, मीही विचारलं नाही. तुम्ही विचारा.

टेक्वाटलला मात्र या पट्टीने काडीचा फरक पडला नाही. तिथे उपयोगी पडलं ते गेममधलं 'कॅरेक्टर मॉडेल लिमिट'. ते खाली ओढलं, सावल्या आणि रिफ्लेक्शन कमी केली की तीस-पस्तीस मिळतात आणि खेळता येतं. आजूबाजूची निम्मी माणसं गायब होतात, त्यांच्या नावांच्या पाट्या तेवढ्या हवेत तरंगतात. चालतं मला.

पडदा १५.६ इंची, साधा १९२० बाय १०८० चा, आणि तो मी मुद्दाम घेतला. दिराच्या बायकोच्या १४ इंची, भरमसाट पिक्सेलच्या पडद्यावर बफची (पात्राला तात्पुरतं बळ देणाऱ्या गोष्टींची) चित्रं तिळाएवढी दिसली होती. गेममध्ये इंटरफेस 'लार्जर' करता येतो, पण मग अर्धा पडदा तोच खातो. रंग मात्र फिके आहेत, फोटोंचं काम करणाऱ्यांनी याच्या वाटेला जाऊ नये. नेटवर्कची केबल लावायला भोक आहे, आणि वायफायने आयत्या वेळी दगा दिलेल्या माणसाला त्याचं मोल कळतं.

कीबोर्ड! हे कोणी सांगतच नाही. एलिमेंटलिस्टचा सगळा संसार एफ-वन ते एफ-फोरवर: आग, पाणी, वारा, माती. पहिल्याच लढाईत आगीसाठी एफ-वन दाबलं आणि आवाज बंद. घाबरून पाण्यावर गेले तर आवाज आणखी कमी करायची पट्टी पडद्यावर. वाऱ्याने आवाज वाढला. तोवर मी आडवी. या लॅपटॉपवर एफएन आणि एस्केप एकत्र दाबलं की ती रांग सरळ होते, पण हे शोधायला मला एक अख्खी रात्र लागली. दुकानात उभ्या उभ्या तेवढं करून बघा. काही मशीनवर ही सोय बायोसमध्ये, म्हणजे विंडोज सुरू व्हायच्या आधीच्या सेटिंगमध्ये, जाऊन करावी लागते.

बॅटरीवर खेळायचा विचार सोडा, प्लग काढला की वेग लगेच पडतो. पंख्याचा आवाज हेडफोन लावले तर जाणवत नाही. पण गरम हवेची जाळी कोणा शहाण्याने उजव्या बाजूला काढली आहे, नेमका माउसचा हात असतो तिथे. अर्ध्या तासात बोटं शेकून निघतात, म्हणून मी आता लॅपटॉप तिरका ठेवते आणि माउस हातभर लांब.