फोल्केटिंगसाठी पहिलं मत: एका पक्षाचं अल्पमत सरकार की मधली मोठी आघाडी?

डेन्मार्कचं नागरिकत्व घेतलं की भारतीय पासपोर्ट परत करावा लागतो. त्या बदल्यात जे हाती येतं, त्यात मला सगळ्यात मोलाचं वाटतं ते फोल्केटिंगचं, म्हणजे तिथल्या संसदेचं मत. आपल्यापैकी जे हे मत पहिल्यांदाच देणार आहेत, ते आधी पक्षांचे जाहीरनामे वाचायला घेतात. मी म्हणेन, त्याच्याही आधी एक गोष्ट ठरवा: सरकार कशा घडणीचं हवंय? कारण तुमच्या मताचं पुढे काय होणार, हे बरंचसं त्यावर ठरतं.

गणित असं. एकूण जागा १७९. त्यातल्या १७५ डेन्मार्कच्या, फॅरो बेटं आणि ग्रीनलँडच्या प्रत्येकी दोन. बहुमताचा आकडा ९०. पण नव्या सरकारला विश्वासदर्शक ठराव जिंकून दाखवावा लागत नाही. बाजूने ९० नसले तरी चालतं, फक्त विरोधात ९० उभे राहता कामा नयेत. म्हणून तिथे अल्पमतातलं सरकार ही नेहमीची गोष्ट आहे, कुणाला त्यात नामुष्की वाटत नाही.

तुलनेसाठी दोन सरकारं घेऊ. दोन्ही सोशल डेमोक्रॅट्स पक्षाच्या पंतप्रधान मेटे फ्रेडरिक्सन यांचीच, त्यामुळे माणूस तोच आणि घडण तेवढी वेगळी.

पहिलं २०१९चं. ५ जूनला मतदान झालं, सोशल डेमोक्रॅट्सना ४८ जागा मिळाल्या आणि २७ जूनला एकट्या त्यांच्याच पक्षाचं सरकार आलं. मध्याजवळचा राडिकाले, समाजवादी एसएफ आणि त्याहून डावा एनहेड्सलिस्तेन या तीन पक्षांनी बाहेरून पाठिंबा दिला. चौघांत मिळून १८ पानांचा समझोता झाला होता. कुणी काय मान्य केलंय, ते संध्याकाळी चहा घेता घेता वाचून संपेल एवढंच.

दुसरं २०२२चं. १ नोव्हेंबरला निवडणूक झाली. फॅरो आणि ग्रीनलँडचे खासदार धरून डाव्या गटाला काठावरचे ९० मिळाले होते, म्हणजे जुन्याच पद्धतीने सरकार बनवता आलं असतं. पण फ्रेडरिक्सन यांनी मध्य ओलांडून उजवीकडच्या पक्षालाही सोबत घ्यायचं ठरवलं, आणि ते त्यांनी प्रचारातही सांगितलं होतं. वाटाघाटी लांबत गेल्या, ४२ दिवसांचा विक्रम झाला. शेवटी सोशल डेमोक्रॅट्स ५०, उजवीकडचा व्हेन्स्त्र २३ आणि माजी पंतप्रधान लार्स ल्योके रासमुसेन यांचा मध्यममार्गी मॉडरेटर्न पक्ष १६, असं ८९ जणांचं सरकार १५ डिसेंबरला उभं राहिलं. उरलेली कसर उत्तर अटलांटिकच्या, म्हणजे फॅरो आणि ग्रीनलँडच्या खासदारांकडून भरून निघाली. सोशल डेमोक्रॅट्स आणि व्हेन्स्त्र एका मंत्रिमंडळात बसण्याची वेळ १९७८-७९ नंतर पहिल्यांदाच आली होती. व्हेन्स्त्रचे नेते याकोब एलमन-येन्सेन यांनी प्रचारभर फ्रेडरिक्सन नकोत असं सांगितलं होतं. एलमन-येन्सेन यांना मत देणाऱ्याला काय वाटलं असेल?

आता मुख्य मुद्दा: मंत्री जातो तो कुणामुळे?

२०१९च्या घडणीत दोरी संसदेच्या हातात होती. नोव्हेंबर २०२०मध्ये करोनाच्या भीतीने देशात फरसाठी पाळले जाणारे सगळे मिंक प्राणी मारण्याचा निर्णय जाहीर झाला. निरोगी कळपांवरही तो लागू होता आणि त्याला कायद्याचा आधार नव्हता. १८ नोव्हेंबरला अन्नमंत्री मोन्स येन्सेन यांनी राजीनामा दिला, कारण पाठिंबा देणाऱ्या पक्षांचा त्यांच्यावर भरवसा उरला नव्हता. २०२२च्या उन्हाळ्यात चौकशी आयोगाचा अहवाल आला तेव्हा राडिकालेंनी थेट पंतप्रधानांनाच मुदत दिली, निवडणूक घ्या नाहीतर अविश्वास. निवडणूक झाली. मात्र ज्यांनी ती घ्यायला लावली ते राडिकालेच १६ वरून ७ वर आले. बाहेरून पाठिंबा देणाऱ्याला हिसका देता येतो, पण तो त्याच्याच खांद्यात भरू शकतो.

आघाडीच्या घडणीत खांदेपालट आतल्या आत होते. एलमन-येन्सेन संरक्षणमंत्री होते. फेब्रुवारी २०२३मध्ये ते आजारपणाच्या रजेवर गेले आणि ट्रोल्स लुंड पोल्सेन यांनी खातं सांभाळलं. ऑगस्टच्या सुरुवातीला ते परतले, त्याच महिन्यात संरक्षण सोडून अर्थखात्यावर गेले आणि ऑक्टोबरमध्ये त्यांनी राजकारणच सोडलं. खाती किती आणि कोणती, हे राजाच्या सहीने म्हणजे प्रत्यक्षात पंतप्रधानांच्या शब्दावर ठरतं. पण व्हेन्स्त्रच्या वाट्याच्या खुर्चीवर कोण बसणार, ते व्हेन्स्त्र ठरवतं. तिथे तुमच्या मताचा हात पोहोचत नाही.

आघाडी म्हटली की स्थैर्य, असंही धरू नका. त्याआधीच्या सोशल डेमोक्रॅट पंतप्रधान हेले थॉर्निंग-श्मिट यांच्या तीन पक्षांच्या अल्पमत सरकारमधून एसएफ जानेवारी २०१४मध्ये बाहेर पडला. सरकारी ऊर्जा कंपनी डाँगमधला हिस्सा गोल्डमन सॅक्सला विकण्यावरून पक्षात फूट पडली होती. सरकार टिकलं, पण एसएफचे सगळे मंत्री एका फटक्यात गेले.

मोठ्या आघाडीच्या बाजूनेही प्रामाणिकपणे सांगायला हवं. २०२४चा शेतीवरचा करार घ्या. गाईगुरांच्या उत्सर्जनावर २०३० पासून कर बसणार आहे, कार्बन डायऑक्साइडच्या टनामागे ३०० क्रोनर, सवलत वजा जाता १२०. शेतकऱ्यांचा जुना पक्ष व्हेन्स्त्र सरकारात नसता तर हे गळी उतरवणं फार अवघड गेलं असतं, असं मला वाटतं. त्या कामासाठी ऑगस्ट २०२४च्या फेरबदलात येप्पे ब्रूस यांना वेगळं खातंच काढून दिलं. अशी वर्षानुवर्षं अडून राहिलेली कामं तुम्हाला महत्त्वाची वाटत असतील, तर मधली आघाडी तुमच्यासाठी बरी.

माझा कौल तरीही पहिल्या घडणीला आहे आणि त्याचं कारण एक सुट्टी आहे. स्टोअर बेडेडे हा प्रार्थनेचा शुक्रवार १६८६ पासून पाळला जायचा. आदल्या संध्याकाळी घरोघरी व्हेदर नावाचे वेलचीचे पाव आणून, मधून कापून, भाजून, वर लोणी लावून खातात. वेलचीचा तो वास आला की आपल्याला तर आपलंच स्वयंपाकघर आठवतं. २०२२च्या सरकारने संरक्षणखर्चासाठी ही सुट्टी रद्द करायचं ठरवलं. निवडणुकीत हा विषय कुणाच्याही तोंडी नव्हता. संसदेसमोर सुमारे ५० हजार लोक जमले, तरी फेब्रुवारी २०२३मध्ये ९५ विरुद्ध ६८ मतांनी कायदा झाला. बहुमत आधीच खिशात असल्यावर रस्त्यावरचा आवाज आत पोहोचायला वाटच उरत नाही. ४८ जागांच्या सरकारला त्यासाठी आधी कुणाची तरी समजूत काढावी लागली असती.

एक दिलासा मात्र आहे. घडण कोणतीही असो, संरक्षणासारखे मोठे विषय तिथे ‘फोर्लिग’ नावाच्या बहुपक्षीय करारांतून ठरतात. करारात सामील असलेल्या पक्षाला विचारल्याशिवाय मुदतीच्या मधे तो बदलता येत नाही. त्यामुळे विरोधात बसणाऱ्या पक्षाला दिलेलं मतही वाया जातं असं नाही.

मतपत्रिका भलीमोठी लांब असते आणि फुली एकच मारायची: पक्षासमोर किंवा उमेदवाराच्या नावासमोर. प्रचाराच्या दिवसांत उमेदवार स्टेशनबाहेर पत्रकं वाटत उभे असतात. थांबा, आणि दोनच प्रश्न विचारा. तुम्ही कुणाबरोबर सरकारात बसणार नाही? आणि बसावंच लागलं, तर काय सोडणार नाही? दुसऱ्याचं उत्तर गोलमोल आलं, तर पुढच्या उमेदवाराकडे जा.