चार पौंडांचे तिकीट: लिव्हरपूल ते न्यूयॉर्क या शीडजहाज सेवेचे परीक्षण

१८५० च्या सुमारास लिव्हरपूलहून न्यूयॉर्कला जाणाऱ्या शिडाच्या जहाजात डेकखालच्या मजल्यावर जागा मिळवायला माणशी साधारण साडेतीन ते ५ पौंड पडत. इंग्लंडमधल्या शेतमजुराला तेव्हा आठवड्याला ९-१० शिलिंग मिळत आणि २० शिलिंगांचा एक पौंड होई. म्हणजे एका माणसाच्या तिकिटातच दोन महिन्यांची मजुरी जात असे, आणि कित्येक जण तर बायकामुलांना घेऊन निघत. इतके पैसे मोजणाऱ्याच्या पदरात नेमके काय पडले, हे आजच्या कुठल्याही सेवेइतक्याच कसोशीने तपासायला हवे, असे मला वाटते. स्थलांतराच्या कथांत धाडसाचे गोडवे पुष्कळ गायले जातात, पण वाटेत मिळालेल्या पिठाचा आणि पाण्याचा हिशेब फार थोडे जण मांडतात.

आधी जमेची बाजू सांगतो. पूर्वी मालाने पोट भरल्याशिवाय जहाज धक्का सोडत नसे आणि तोवर प्रवाशाची शिदोरी किनाऱ्यावरच संपत असे. १८१८ च्या जानेवारीत ब्लॅक बॉल लाइनने न्यूयॉर्क आणि लिव्हरपूल यांच्यात ठरल्या दिवशी निघणारी पॅकेट जहाजे सुरू केली आणि दर महिन्याची सुटण्याची तारीख आधीच जाहीर होऊ लागली. या सेवेच्या मूळ चालकांपैकी जेरेमाया थॉम्प्सन हा स्वतः यॉर्कशायरमधून अमेरिकेत गेलेला इंग्रज होता. सुटण्याची तारीख पाळता येत असली, तरी पोहोचण्याची मात्र वाऱ्याच्या हाती होती. पश्चिमेकडे जाताना वारा बहुधा तोंडावरच येई, त्यामुळे ५-६ आठवडे धरूनच चालावे लागे.

चढण्यापूर्वीची वैद्यकीय तपासणी केवळ नावापुरती होती. रांगेतला माणूस खिडकीशी आला की डॉक्टर प्रकृती बरी आहे ना असे विचारी, जीभ पाही आणि तिकिटावर शिक्का मारी. खाली फळ्या ठोकून केलेले दोन मजली माचे असत आणि मोठ्या माणसाच्या वाट्याला ६ फूट लांब व दीड फूट रुंद जागा येई. प्रत्यक्षात ६ फूट चौरस माच्यावर चौघे झोपत आणि त्यांत अनोळखी माणसेही असत. गादी, ताटल्या आणि पाण्याचा डबा ज्याचा त्याने आणायचा. वादळात वरची झडपे बंद केली की उजेड आणि हवा दोन्ही तुटत.

खाण्याच्या बाबतीत मात्र सविस्तरच लिहायला हवे, कारण या सेवेची खरी परीक्षा तिथेच होते. १८४९ च्या ब्रिटिश कायद्याप्रमाणे प्रत्येक प्रौढाला दर आठवड्याला सुमारे सव्वादोन किलो ओटचे पीठ, एक किलोहून थोडी अधिक बिस्किटे किंवा पाव, ९०० ग्रॅम तांदूळ, साडेचारशे ग्रॅम गव्हाचे पीठ, थोडी साखर, काकवी आणि चहा, शिवाय रोज ३ क्वार्ट, म्हणजे जवळजवळ साडेतीन लिटर पाणी द्यायचे होते. हे प्रमाण तिकिटावरच छापलेले असे, म्हणून त्याला मी करारच समजतो. हा शिधा कोरडा मिळे आणि तो शिजवणे प्रवाशाच्या अंगावर पडे. डेकवरच्या मोजक्या चुलींसमोर शेकडो बायाबापड्या भांडी घेऊन ताटकळत. जो दांडगा किंवा ज्याची खलाशांशी ओळख, त्याचे भांडे आधी चढे. पावसाने किंवा लाटेने विस्तव विझला की लेकरांपुढे अर्धे कच्चे पीठ येई. ज्याने कधी तीन दगडांच्या चुलीवर ओल्या लाकडांनी भात शिजवला असेल, त्याला या रांगेतल्या आईचे हाल वेगळे सांगावे लागणार नाहीत.

तिकिटावर छापलेले प्रमाण तरी हातात पडे का? व्हेअर फॉस्टर या सधन गृहस्थाने स्थलांतरितांची स्थिती स्वतः पाहण्यासाठी १८५० च्या ऑक्टोबरात 'वॉशिंग्टन' या जहाजाचे डेकखालचे तिकीट काढले. जहाजावर ९०० हून अधिक प्रवासी होते आणि त्यांत बहुसंख्य आयरिश होते. पहिले काही दिवस शिधा मिळालाच नाही आणि पाण्यासाठी येणाऱ्यांना मारहाण होत राहिली. फॉस्टरने तक्रारीचे पत्र पुढे केले, तेव्हा जहाजावरच्या पहिल्या अधिकाऱ्याने तोंडावर ठोसा मारून त्याला डेकवर आडवे केले. सुमारे १२ मुले वाटेत दगावली. त्याचा हा वृत्तान्त १८५१ मध्ये ब्रिटिश पार्लमेंटने छापला, म्हणून तो आज वाचायला मिळतो. कायदा चांगला होता, पण भर समुद्रात तो राबवणारे कोणीच नव्हते, हा या सेवेचा सर्वांत मोठा दोष मी मानतो.

सुरक्षेबाबत एकच उदाहरण पुरेसे आहे. २४ ऑगस्ट १८४८ रोजी बॉस्टनला निघालेले 'ओशन मोनार्क' लिव्हरपूल सोडल्यानंतर काही तासांतच, वेल्सचा किनारा दिसत असताना पेटले आणि १७८ माणसे मृत्युमुखी पडली.

असे असूनही हीच सेवा, याच माच्यांवर आणि याच समुद्रावर, काही जणांना नीट मिळाली. १८३२ ते १८३७ या काळात इंग्लंडच्या ससेक्समधल्या पेटवर्थच्या स्थलांतर समितीने सुमारे १,८०० गरीब ग्रामस्थांना पोर्ट्समथहून कॅनडाला पाठवले, तेव्हा त्यांच्या देखभालीसाठी जहाजावर पर्यवेक्षक नेमले होते. अमेरिकेत उगम पावलेल्या मॉर्मन या ख्रिस्ती पंथाच्या इंग्रज अनुयायांनी तर १८४० पासून ही व्यवस्था स्वतःच उभी केली. जहाजाचे वॉर्ड, म्हणजे विभाग पाडायचे, प्रत्येक वॉर्डाचा प्रमुख नेमायचा, झाडलोट आणि स्वयंपाक यांच्या पाळ्या लावायच्या, आणि शिधा मोजून घ्यायचा. १८६३ च्या जूनमध्ये लंडनच्या गोदीत उभ्या असलेल्या त्यांच्या 'अमेझॉन' जहाजावर इंग्रज कादंबरीकार चार्ल्स डिकन्स गेले, ते गरज पडल्यास मॉर्मनांच्या विरोधात साक्ष देण्याच्या तयारीने. पण तिथली शिस्त पाहून स्तुती करतच उतरले. सुमारे ९०० माणसांच्या त्या गर्दीत ना भांडण होते ना दारू, आणि डेकवर जिथे जागा सापडेल तिथे बसून लोक पत्रे लिहीत होते.

म्हणून मी या सेवेची शिफारस करताना एक अट घालेन: एकट्या कुटुंबाने हे तिकीट काढू नये, आणि गावची किंवा पंथाची पन्नास माणसे बरोबर असतील तरच, शिधा मोजून घेणारा एक खमक्या माणूस आधी ठरवून, चढावे. पुढे मोठ्या प्रवासी जहाजांवर प्रवाशांसाठी स्वयंपाकी ठेवणे कायद्याने बंधनकारक झाले आणि चुलीपुढची रांग मोडली. १८६० च्या दशकाच्या अखेरीस बहुतेक स्थलांतरित आगबोटीने जाऊ लागले, तेव्हा ५-६ आठवड्यांचा हा प्रवास दोन आठवड्यांच्या आत आला.